पहिले परदेशी स्काऊट-गाईड शिबिर : कांडरस्टेगला निघालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाकडून पत्र येते की, जूनअखेरीस स्वित्झर्लंडमधील कांडरस्टेग येथे दहा दिवसांचे शिबिर आहे आणि आपल्या मुलाची किंवा मुलीची निवड झाली आहे. त्या संध्याकाळी घरात पहिला प्रश्न थंडीचा निघतो आणि दुसरा जेवणाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे सोपी आहेत. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते : कागदपत्रे वेळेत आणि बिनचूक जमवणे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांवाचून दहा दिवस स्वतःचे स्वतः करता येईल इतकी सवय निघण्याआधीच लावणे. गाईड कॅप्टन म्हणून मुलांना शिबिरांना नेताना मी पालकांना सुरुवातीलाच एक वाटणी सांगते. कागद पालकांनी सांभाळावेत आणि बॅग मुलाने. ही वाटणी ज्या घरात नीट पाळली जाते, त्या घरचे मूल परदेशात सहसा अडत नाही. पुढील सर्व सूचना याच क्रमाने आणि याच विचाराने लिहिल्या आहेत.

आपण कोठे जात आहोत, हे आधी नीट समजून घ्यावे

कांडरस्टेग हे स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातील आल्प्समधले छोटे गाव आहे. लोच्बर्ग रेल्वे बोगद्याचे काम १९०६ ते १९१३ या काळात चालले होते. त्या कामावरील लोकांच्या राहण्यासाठी गावात एक मोठी लाकडी इमारत होती आणि बोगदा पूर्ण झाल्यावर ती रिकामी पडली. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या मनात होते की, जगभरच्या स्काऊटांना केवळ जांबोरीपुरते, म्हणजे काही दिवसांच्या मोठ्या मेळाव्यापुरते नव्हे, तर कायम भेटता येईल असे एखादे ठिकाण असावे. त्या कल्पनेतून १९२३ साली याच इमारतीत आंतरराष्ट्रीय स्काऊट केंद्र सुरू झाले. आज तेथे इमारतीतील निवासाबरोबर तंबूंसाठी मोठे मैदान आहे आणि उन्हाळ्यात अनेक देशांची पथके शेजारी शेजारी मुक्काम करतात. केंद्रावर काम करणारे तरुण स्वयंसेवक गुलाबी शर्टांवरून ओळखू येतात. मुलाला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे अडचणीत कोणाला गाठायचे हे त्याला कळते.

महाराष्ट्रातल्या मुलांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गाईडच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र पुण्यात १९६६ साली सुरू झाले आणि त्याचे उद्घाटन खुद्द लेडी बेडन-पॉवेल यांनी केले होते. देशोदेशीच्या मुली अनेक वर्षे तेथे येऊन राहिल्या, आपली पोळी-भाजी जेवल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवरून फिरल्या. त्या येथे पाहुण्या होत्या, तसे आपले मूल तेथे पाहुणे असेल.

होकार देण्यापूर्वी

पहिला हप्ता भरण्यापूर्वी पथकप्रमुखांना भेटावे आणि काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. हे विचारण्यात संकोच नको. चांगल्या पथकप्रमुखाला अशा प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्यांची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतात. पथकाबरोबर किती प्रौढ आहेत, त्यांत स्त्रिया किती, त्यांपैकी पूर्वी परदेशी शिबिर केलेले कोण आहे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाचे झाले आहे, मुलामुलींच्या तंबूंची व्यवस्था कशी आहे, हे सर्व विचारावे. जागतिक स्काऊट संघटनेची 'सेफ फ्रॉम हार्म' या नावाची बालसुरक्षेची आचारपद्धती आहे. तिचे प्रशिक्षण बरोबरच्या प्रत्येक प्रौढाने घेतले आहे का, हे अवश्य विचारावे. प्रौढ व्यक्तीने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहू नये, हा साधा नियम मुलालाही माहीत असला पाहिजे. तो कोणी मोडत असेल, तर लगेच दुसऱ्या प्रौढाला सांगायचे, आणि असे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे घरातून बजावून सांगितलेले असावे.

आणखी एक प्रश्न पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही : ठरलेले फिसकटले तर काय? ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सेमांगम येथे पंचविसावी जागतिक जांबोरी भरली होती. चाळीस हजारांहून अधिक मुले आणि प्रौढ तेथे जमले होते. कडक उष्म्याने शेकडो जणांना त्रास झाला, ब्रिटन आणि अमेरिकेच्या पथकांनी मैदान लवकर सोडले आणि त्यानंतर चक्रीवादळ येऊ घातल्यामुळे ८ ऑगस्टला उरलेल्या सर्वांना तेथून हलवावे लागले. ज्या पथकांजवळ पर्यायी निवासाची, वाहनाची आणि पालकांना कळवण्याची व्यवस्था आधीपासून होती, त्यांना अशा वेळी निर्णय घेणे सोपे जाते. कांडरस्टेगचे केंद्र शंभर वर्षांचे जुने आणि पक्क्या बांधणीचे आहे, त्यामुळे तशी वेळ तेथे येण्याचा संभव कमी. तरीही एखादे मूल आजारी पडून मागे राहिले, तर त्याच्याजवळ कोण थांबणार आणि बाकीच्यांना कोण सांभाळणार, याचे उत्तर पथकप्रमुखांकडे नावानिशी असले पाहिजे.

वेळेचाही विचार करावा. कांडरस्टेगचा उन्हाळी हंगाम जून ते ऑगस्ट असतो. मे महिन्यात, म्हणजे आपल्या सुटीत, तेथील वरच्या वाटांवर बर्फ असते. आपल्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, त्यामुळे शाळा बुडणारच. नववीतल्या मुलाला ती भरून काढता येते. दहावीच्या वर्षी मात्र मी स्वतः मुलांना नेत नाही, कारण अर्धे मन घटक चाचणीत असलेले मूल शिबिरात रमत नाही. मुख्याध्यापकांकडून रजेचे पत्र आणि बोनाफाईड दाखला आधीच घेऊन ठेवावा. व्हिसासाठीही त्यांचा उपयोग होतो.

पासपोर्ट

पासपोर्टच्या कामाला शिबिराच्या निदान आठ-नऊ महिने आधी हात घालावा. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो आणि त्याचे शुल्क १,००० रुपये आहे. मूल पंधरा वर्षांचे झाले असेल, तर १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा पासपोर्टही मागता येतो. शक्य असेल तर तोच घ्यावा, कारण पुढील शिक्षणाच्या वेळी तो कामी येतो. अर्जाबरोबर दोन्ही पालकांच्या सह्यांचे 'परिशिष्ट ड' हे घोषणापत्र जोडावे लागते. पालकांपैकी एकाचीच सही मिळू शकत असेल, तर त्यासाठी 'परिशिष्ट क' आहे. पालकांचे स्वतःचे पासपोर्ट असतील आणि त्यांवर जोडीदाराचे नाव असेल, तर हे काम पुष्कळ सोपे होते.

आता नावाविषयी. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिपेडी नाव लिहितात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे सर्रास आढळते. एकदा आमच्या एका मुलीचे विमानाचे तिकीट शाळेच्या यादीवरून काढले गेले. यादीत वडिलांचे नाव नव्हते आणि आडनावातला एक 'ए' जास्त होता. चूक निघण्याच्या आठवडाभर आधी लक्षात आली आणि दुरुस्तीसाठी पालकांना दोन दिवस फोनवर घालवावे लागले. म्हणून तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज यांवरील नाव पासपोर्टचे पहिले पान समोर धरून अक्षर अक्षर ताडून पाहावे. हे ताडण्याचे काम पालकांनी करावे, पण मुलाला शेजारी बसवून करावे.

व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो आणि मुक्काम प्रामुख्याने तेथेच असल्यामुळे अर्ज स्वित्झर्लंडकडेच करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण अधिक चौकशीची गरज पडल्यास तो काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत सुटीच्या प्रवाशांची झुंबड असते आणि भेटीची वेळ मिळणेच कठीण होते, त्यामुळे जूनअखेरच्या शिबिरासाठी मार्चमध्येच अर्ज झालेला बरा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात. त्याबरोबर जन्मदाखला, पालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती, पालकांची बँक खात्याची विवरणे, शाळेचे पत्र, केंद्राकडून आलेली आरक्षणाची पुष्टी, आणि मुलाला अमुक व्यक्तीबरोबर अमुक तारखांना परदेशी जाण्यास आमची हरकत नाही, असे दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र जोडावे. या संमतिपत्राच्या तीन प्रती काढाव्यात : एक अर्जासोबत, एक पथकप्रमुखांकडे आणि एक मुलाच्या हातबॅगेत. मुंबईच्या विमानतळावर किंवा झुरिकला अधिकाऱ्याने मुलाला 'आई-वडील कोठे आहेत?' असे विचारले, तर मुलाने गडबडून न जाता तो कागद पुढे करावा. पालक विभक्त असतील किंवा त्यांपैकी एक हयात नसेल, तर न्यायालयाचा आदेश किंवा मृत्युदाखला लागतो. तो शेवटच्या आठवड्यात शोधण्याची वेळ येऊ देऊ नये.

बारा वर्षांवरील प्रत्येकाला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना असलेली निम्म्या शुल्काची सवलत आपल्या वयाच्या मुलांना मिळत नाही. परंतु नफ्यासाठी नसलेल्या संस्थांच्या शैक्षणिक वा सांस्कृतिक कार्यक्रमांना जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींना शुल्कमाफीची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. आपले शिबिर त्यात बसते का, हे पथकप्रमुखांनी अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची सेवाफी मात्र वेगळी असते. आपल्या स्काऊट-गाईड संस्थेच्या राष्ट्रीय मुख्यालयाचे परिचयपत्र जोडले, तर आपण खरोखरच संस्थेच्या वतीने जात आहोत हे स्पष्ट होते आणि कांडरस्टेगच्या केंद्रावरही ते दाखवता येते.

शेंगेनच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत छायाचित्र आणि ठसे घेतले जातात. तेथे रांगेत वेळ लागू शकतो, याची कल्पना मुलांना द्यावी आणि त्या रांगेत थट्टामस्करी करायची नाही, हेही सांगावे.

विमा आणि पैसे

विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे, ही व्हिसाची अटच आहे. त्यापलीकडे एक गोष्ट पालकांनी स्वतः वाचून पाहावी. डोंगरातील भटकंती, दोरावरची चढाई आणि डोंगरातून सुटका करण्याचा खर्च त्या विम्यात धरला आहे का? आल्प्समध्ये जखमीला उचलण्यासाठी हेलिकॉप्टर येते आणि त्याचे बिल येते. स्वस्त पॉलिसीत नेमके हेच वगळलेले असते.

शेंगेन क्षेत्रात असूनही स्वित्झर्लंडचे चलन युरो नाही, फ्रँक आहे. कार्ड फ्रँकचे घ्यावे. अल्पवयीन मुलाच्या नावे परकीय चलनाचे कार्ड देण्याबाबत प्रत्येक बँकेचे नियम निराळे असतात, म्हणून ते महिनाभर आधी विचारून ठेवावे. कार्ड मिळाले, तरी खाऊसाठी आणि बॅजसाठी थोडी रोकड हातात असू द्यावी. रोजचा खर्च मुलाने वहीत लिहावा. तेथील दुकानात रोजच्या वस्तूंच्या किमती पाहून पहिल्या दिवशी मुले हबकतात आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक आकडा रुपयांत बदलून पाहणे सोडून देतात. पैसे संपतात ते त्यानंतर.

सराव

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानते आणि नेमका हाच घरोघरी राहून जातो.

कांडरस्टेग गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे उंची आपल्या मुलांना नवी नाही. नवी असते ती रात्रीची थंडी, कारण जुलै महिन्यातही तेथे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि नवा असतो तो दिवसभर पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा क्रम. म्हणून निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत निदान चार रविवार मुलाने त्याच बुटांत आणि तीच सॅक पाठीवर घेऊन डोंगर चढावा. जूनच्या पहिल्या पावसात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढला आणि ओल्या कपड्यांनी उतरला, तर कोणता मोजा घासतो आणि रेनकोट कोठे झिरपतो, हे तेथेच कळते. नवे कोरे बूट थेट स्वित्झर्लंडला नेणाऱ्या मुलाच्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि उरलेले आठ दिवस ते मूल तंबूजवळ बसून काढते. हे मी दोनदा पाहिले आहे.

घरातही सराव करावा. आपले कपडे हाताने धुणे आणि पिळणे, गार पाण्याने आंघोळ करणे, चार जणांपुरती खिचडी शिजवणे, जेवल्यावर खरकटे पातेले घासणे, गजर लावून स्वतः उठणे. यांतली एकही गोष्ट कठीण नाही, पण ज्याने ती कधीच केलेली नाही त्याला तंबूत रात्री नऊ वाजता ती डोंगराएवढी वाटते. पूर्वी एकही रात्र घराबाहेर न काढलेल्या मुलाने आधी जिल्ह्याचे किंवा राज्याचे शिबिर करावे. त्याशिवाय परदेशी शिबिराला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅग

निघण्याच्या दहा दिवस आधी हॉलमध्ये चादर अंथरावी आणि सर्व सामान तीवर मांडावे. यादी पालकांनी वाचावी आणि वस्तू मुलाने उचलून सॅकमध्ये भरावी. आईने हात लावू नये. हे मी जाणूनबुजून लिहीत आहे. आईने भरलेल्या बॅगेत सर्व काही असते, पण अंधारात टॉर्च कोणत्या कप्प्यात आहे हे मुलाला माहीत नसते. एका वर्षी रात्री अकराला पावसात एका मुलाने अख्खी सॅक चिखलात उपडी केली, आणि टॉर्च निघाली ती साबणाच्या डबीशेजारी, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गाठ मारून ठेवलेली. प्रेमापोटीच तशी ठेवली होती. पण ती गाठ त्याला सुटेना.

कपडे एकावर एक थर चढवता येतील असे असावेत : लवकर वाळणारे टी-शर्ट, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, त्यावर खराखुरा जलरोधक कोट. जीन्स नको, ती भिजली की दोन दिवस वाळत नाही. स्लीपिंग बॅग पाच अंशांपर्यंत ऊब देईल अशी घ्यावी. भरलेल्या सॅकचे वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मुलाला सॅकसह आणि सॅकविना उभे करून ते पाहावे आणि जास्त भरल्यास वस्तू कमी करण्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा.

औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातबॅगेतच ठेवावीत, मोठ्या सामानात नव्हे. दम्याचा पंप असेल तर दोन न्यावेत, त्यांतला एक पथकप्रमुखांकडे द्यावा. लेबल नसलेल्या बाटलीतील पांढऱ्या गोळ्या नेऊ नयेत. त्या गोळ्या कशाच्या आहेत, हे परक्या देशात कोणाला समजावता येत नाही. मुलींनी सॅनिटरी पॅड घरून पुरेसे न्यावेत, पाळीची तारीख जवळ नसली तरी न्यावेत, कारण हवा आणि दगदग बदलली की तारीख सरकते. याविषयी आईने आणि गाईड कॅप्टननेही मुलीशी निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलावे. अंथरूण ओले होण्याची किंवा झोपेत चालण्याची सवय असेल, तर तीही पथकप्रमुखांना खासगीत सांगावी. अशी गोष्ट लपवल्याने मुलाचेच हाल होतात.

पॉवरबँक फक्त हातबॅगेत चालते आणि ती १०० वॉट-तासांपर्यंतचीच असावी. चाकू मोठ्या सामानात ठेवावा, गॅसचे डबे कोठेच चालत नाहीत. हातबॅगेतील द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत असावेत. आपल्या चार्जरच्या दोन बारीक गोल काड्या तेथील भोकांत बसतात, तीन जाड काड्यांचा प्लग मात्र बसत नाही.

देवघेवीसाठी आपल्या पथकाचे वीस-पंचवीस बॅज आणि एखाद-दुसरा जादा स्कार्फ अवश्य न्यावा. शेकोटीच्या कार्यक्रमाला काय करायचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे. लेझीम हा माझा आवडता पर्याय आहे. तिला भाषा लागत नाही, आवाज मोठा असतो आणि दोन फेऱ्यांत परदेशी मुलेही पावले टाकू लागतात. लेझमी मोठ्या सामानात, दोन-दोन जणांत वाटून न्याव्यात.

खाणे

येथे बहुतेक कुटुंबे चुकतात. दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाची वडी आणि खवा घरीच ठेवावा आणि तुपातले लाडूही टाळावेत. ताजी फळे आणि पालेभाज्याही नकोत. आंबा तर नकोच, मग तो कितीही प्रेमाने आजीने दिलेला असो. शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, तेलातला चिवडा, मेतकूट आणि मोठ्या सामानात नीट बंद केलेले लोणचे हे पदार्थ सोयीचे पडतात. पण तेही बेताने न्यावेत. तंबूत प्रत्येकाने वेगळा डबा उघडला की पथक जेवायला एकत्र बसत नाही.

मूल काय खात नाही, हे आरक्षणाच्या वेळीच केंद्राला कळवायचे असते. 'शाकाहारी' एवढेच लिहून भागत नाही. अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, हे स्वतंत्र लिहावे. स्वित्झर्लंडच्या अनेक पारंपरिक चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजणासारखे द्रव्य असते, हे कट्टर शाकाहारी आणि जैन कुटुंबांनी ध्यानात घ्यावे. पथक स्वतः स्वयंपाक करणार असेल, तर शनिवारीच वाणसामान भरावे, कारण रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात.

प्रवासाचा दिवस

मुंबईहून झुरिक सुमारे नऊ तासांच्या उड्डाणावर आहे. विमानतळाच्या खालीच रेल्वेस्थानक आहे आणि बर्नला गाडी बदलून सुमारे अडीच तासांत कांडरस्टेगला पोहोचता येते. गाड्या मिनिटाला धरून सुटतात. वीस मुलांनी आणि वीस सॅकांनी एका दारातून चढायचे नसते, म्हणून चार-पाच जणांचे छोटे गट आधीच पाडावेत आणि प्रत्येक गटाच्या नायकाने दर ठिकाणी आपली डोकी मोजावीत. पासपोर्ट प्रवासात मुलाकडे असावा की पथकप्रमुखाकडे, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते सीमेवर मुलाच्या हातात आणि एरवी पथकप्रमुखांच्या पेटीत, हेच सुरक्षित. त्याची छायाप्रत मात्र मुलाजवळ कायम असावी.

मुंबईच्या विमानतळावर निरोप थोडक्यात घ्यावा. सॅक मुलाच्या खांद्यावरच असू द्यावी.

तेथे पोहोचल्यावर

ही सूचना मुलांसाठी आहे. डोंगरात वाटा रंगांनी ओळखायच्या असतात. पिवळ्या पाट्या साध्या पायवाटेच्या असतात. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तेथे चांगले बूट आणि लक्ष हवे. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला, की ती वाट सराईत गिर्यारोहकांची आहे, तिकडे पाऊलही टाकायचे नाही. ओएशिनेन सरोवराकडे पथके नेहमी जातात. त्याचे पाणी निळेशार दिसते आणि हाड गोठवणारे थंड असते, परवानगीशिवाय त्यात उतरू नये. गावातल्या कारंज्यांचे पाणी पिता येते, पण नळावर 'काइन ट्रिंकवासर' असे लिहिले असेल तर ते पिण्याचे पाणी नाही. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेजवळ आणि मानेवर गोचीड चिकटली आहे का, ते रोज पाहावे आणि दिसल्यास स्वतः ओढून न काढता प्रथमोपचाराच्या व्यक्तीकडे जावे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावावा. रुग्णवाहिकेचा थेट क्रमांक १४४ आहे.

फोनविषयी पालकांना एक विनंती आहे. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तेथे संध्याकाळी सहा वाजता आपल्याकडे साडेनऊ होतात, त्यामुळे बोलायचे असेल तर ती वेळ दोघांनाही सोयीची आहे. परंतु रोज बोलू नये. पोहोचल्याचा निरोप पथकप्रमुख देतील. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा बोलावे, आणि 'आठवण येते का?' हा प्रश्न विचारू नये. 'आज काय शिजवले?' असे विचारावे.

घरची ओढ बहुधा दुसऱ्या रात्री लागते. पहिला दिवस नवलाईत जातो, दुसऱ्या दिवशी पाऊस येतो. अशाच एका रात्री एक मुलगी तंबूच्या दाराशी गुडघ्यांत डोके घालून बसली होती. घरी फोन लावून द्या, एवढेच ती म्हणत होती. मी तिला म्हटले, लावू, पण आधी मला सकाळच्या उपम्यासाठी कांदे चिरून हवे आहेत. ती उठली. टॉर्च दातांत धरून तिने आठ कांदे चिरले. डोळ्यांतले पाणी कशाचे होते हे आम्ही दोघींनीही विचारले नाही. कांदे संपेतो शेजारच्या तंबूतल्या दोन पोर्तुगीज मुली वास घेत आल्या आणि हे काय शिजणार म्हणून विचारू लागल्या. फोन राहूनच गेला. त्यानंतर प्रत्येक शिबिरात उदास मुलासाठी मी काहीतरी हातातले काम राखून ठेवते, आणि बरोबर जाणाऱ्या प्रौढांनीही ते ठेवावे. बोलून समजूत घालण्याचा उपयोग त्या घटकेला फारसा होत नाही. मात्र मूल दोन दिवस जेवत नसेल, झोपत नसेल किंवा एकाच व्यक्तीला टाळत असेल, तर ती घरची ओढ समजू नये. त्याला बाजूला घेऊन, दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात ठेवून, शांतपणे विचारावे.

रात्री दहानंतर केंद्रावर शांतता पाळतात आणि आपल्या मुलांना ही गोष्ट सर्वांत जड जाते. तंबूच्या कापडातून कुजबुज किती दूर जाते, हे पहिल्याच रात्री मुलांना बाहेर उभे करून ऐकवावे.

परतल्यावर

परतल्यावर मुलाला आधी झोपू द्यावे. बॅग त्यानेच रिकामी करावी. ओला तंबू किंवा स्लीपिंग बॅग त्याच दिवशी वाळत टाकावी, नाहीतर जुलैच्या आपल्या दमट हवेत तिला दोन दिवसांत बुरशी धरते. पुढच्या काही आठवड्यांत त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप दिसला, तर डॉक्टरांना गोचिडीची शक्यता सांगावी. उरलेले फ्रँक कार्डावरून परत घ्यावेत, पासपोर्ट घरातल्या ठरलेल्या जागी ठेवावा आणि संमतिपत्राची उरलेली प्रत त्याच फायलीत लावावी. बदलून आणलेले बॅज मात्र मुलाकडेच राहू द्यावेत. कोणता बॅज कोणाकडून घेतला, हे त्याला आठवते तोवर प्रत्येकाच्या मागे कागदाची चिठ्ठी लावून त्यावर नाव, देश आणि तारीख त्याच्याकडून लिहवून घ्यावी.